शब्द टाकायला सांगताना

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये एकच विषय फिरून फिरून येतोय, हातात नोकरी आहे खरं दुसरी बघायचीय, आणि ती बघताना ओळखीच्या माणसांशी बोलायचं कसं, कुणाला सांगायचं, कुणाला नाही. मी बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉपच्या पर्सोनेल खात्यात सत्तावीस वर्षं काढली, टेबलाच्या अलीकडं बसून शेकडो सीव्ही बघितले, म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून ह्याच विषयावरचे सहा घेतोय. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय, कारण त्यात जवळजवळ सगळ्यांचंच दुखणं आलंय.

काका नमस्कार. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्यूसीला, म्हणजे क्वालिटी तपासायला आहे, सहा वर्षं झाली. पगार वाढत नाही आणि शिकण्यासारखंही काही उरलं नाही, तेच ब्रॅकेट आणि तेच गेज. हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात तिकडं किंवा कोल्हापूर बाजूला कागलच्या एमआयडीसीत जमतंय का बघावं म्हणून मामेभावाला सीव्ही दिला. त्यानं तो सरळ व्हॉट्सॲपच्या जॉब ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर फोरमन विचारतोय, "काय गा, चाललास म्हणे?" पोटात गोळाच आला. मालक वाईट नाहीत, बाबांच्या ऑपरेशनला त्यांनी चाळीस हजार ॲडव्हान्स दिलेला, त्यातले बारा हजार अजून फिटायचेत. मी खाल्ल्या मिठाला जागत नाही असं तर होत नाही ना? आणि बोभाटा न होता ओळखी काढायच्या कशा?
– एक वाचक, अनगोळ

बाळा, आधी मनाला लागलंय त्याचं बोलू. दुसरी नोकरी बघणं म्हणजे बेइमानी नव्हे. सहा वर्षं तू काम दिलंस, त्यांनी पगार दिला, तो व्यवहार रोजच्या रोज फिटत आलाय. ॲडव्हान्सचं मात्र वेगळं, ते त्यांनी माणुसकीनं दिलेत, तेव्हा राजीनामा देण्याआधी ते बारा हजार फेडून टाक, जमल्यास आत्तापासूनच दरमहा जरा जास्त कापून घ्यायला सांग. फुल अँड फायनलमधून, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून, वळते करतीलच की असं म्हणू नकोस. कायद्यानं ते चालतं, खरं तुझ्या बाबांना उद्या गणपत गल्लीत मालक भेटले तर मान खाली घालायची वेळ येऊ नये.

आता फोरमन. त्याला "छे छे, कुणी सांगितलं" असं अजून म्हणाला नसशील तर म्हणू नकोस, म्हणाला असशील तर विषय वाढवू नकोस. पुन्हा विचारलं तर एवढंच सांग, की भावानं माझा सीव्ही कुठंतरी टाकला, ठरलेलं काही नाही, ठरलं तर साहेबांना मी स्वतः सांगेन, तोवर तुमच्यापाशीच ठेवा. ह्यात खोटं काही नाही आणि त्याच्यावर विश्वासही टाकलास. खोटं बोललास आणि महिन्याभरानं राजीनामा दिलास तर फोरमन दुखावतो, आणि पुढच्या कंपनीतून चौकशीचा फोन आला की तोच माणूस फोनवर असतो हे मी पुष्कळदा बघितलंय.

मामेभावावर चिडू नकोस, त्याला वाटलं मदतच करतोय. चूक सीव्ही देताना झाली, तू काही सांगितलं नाहीस. आपल्याकडं ओळख काढणं म्हणजे चारचौघांत सांगून ठेवणं, लग्नाच्या स्थळासारखं. नोकरी नसलेल्या पोराला ते चालतं, जितक्या कानांवर जाईल तितकं बरं. नोकरी असलेल्याला ते चालत नाही, कारण उद्यमबाग, मच्छे, होनगा ह्या तिन्हीकडचे मालक, सप्लायर, टूल विकणारे सगळे एकमेकांना धरून आहेत, एकाचं कास्टिंग दुसऱ्याकडं मशिनिंगला, तिसऱ्याकडं पेंटिंगला, आणि डिस्पॅचच्या टेम्पोबरोबर बातमी पण जाते. म्हणून सीव्ही ग्रुपवर नाही, एका वेळी एकाच माणसाला, आणि त्याच्याबरोबर एक ओळ कायम, "मी अजून नोकरीत आहे, मला विचारल्याशिवाय पुढं पाठवू नका." ही ओळ लिहायला लाज वाटून घेऊ नकोस, समोरच्याला पण त्यानंच कळतं की कितपत बोलायचं.

मग कुणाला सांगायचं? इथं एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळते. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्याच्यामुळं नोकरी कळली त्या माणसाची नि तुमची गाठ कितीदा पडायची. १९७३ साली त्यानं ते छापलं. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची ती ओळख आठवड्यात दोनदा भेटणारी, म्हणजे अगदी जवळची होती, ५५ टक्क्यांवर लोकांची अधूनमधून भेटणारी आणि जवळजवळ २८ टक्क्यांची वर्षात एखाद्या वेळी किंवा त्याहूनही कमी. कारण साधं आहे, तुझ्या रोजच्या दोस्तांना तुला माहीत असलेल्याच जागा माहीत असतात, लांबच्याला वेगळ्या. आणि मी त्यात माझं एक घालतो, लांबचा माणूस तुझ्या चहाच्या गाड्यावर नसतो, त्यामुळं बातमी फुटायची भीती पण कमी.

तर डोळ्यासमोर कोण येतं बघ. डिप्लोमाला बरोबर असलेला आणि आता चाकणला गेलेला, पूर्वी तुमच्याकडं ऑडिटला यायचा आणि आता दुसरीकडं गेलाय तो, सीएमएमच्या, म्हणजे पार्टची मापं घेणाऱ्या मशीनच्या, ट्रेनिंगला भेटलेला, कॉलेजमधले सर. त्यांना नोकरी मागू नकोस. हे मी ठासून सांगतोय. "माझं काहीतरी बघा की" म्हटलं की समोरचा अडचणीत येतो, त्याच्या हातात नसतं, मग तो "बघू, बघू" म्हणतो आणि नंतर तुझा फोन उचलायचं टाळतो. माहिती मागावी, ती द्यायला कुणालाही आवडतं. असं काहीसं लिही:

"सर नमस्कार, मी अमुक, अमुक साली ट्रेनिंगला आपण भेटलेलो. मी सध्या बेळगावात मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, नोकरी चालू आहे. एरोस्पेसकडं जायचा विचार आहे, तिथं इन्स्पेक्शनला नेमकं काय वेगळं लागतं ते तुमच्याकडून समजून घ्यायचंय. रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर दहा मिनिटं फोन केला तर चालेल का? हे कृपया आपल्यातच ठेवा."

एवढंच, सीव्ही जोडू नकोस. फोनवर तो शिकवतो, तू ऐकतोस, दोन बरे प्रश्न विचारतोस, आणि बहुतेक वेळा तोच म्हणतो सीव्ही पाठव. तेव्हा पाठव. नाही म्हणाला तर आभार मान आणि तिथंच थांब. आठवड्यानं काय झालं हे कळव, त्यानं सांगितलेलं सर्टिफिकेट बघितलंस, अमुक वाचलंस असं काहीतरी. लोक मदत घेतात आणि गायब होतात, त्याचा फार राग येतो, मला पण यायचा.

आणि जेव्हा कुणी खरोखर तुझ्यासाठी शब्द टाकतो तेव्हा हे ध्यानात धर की तो त्याच्या तिथल्या इभ्रतीतला तुकडा तुला देतोय. तू इंटरव्ह्यूला गेला नाहीस, ऑफर घेऊन ती दाखवून इथं पगार वाढवून घेतलास आणि तिकडं जॉइनच झाला नाहीस, तर त्याची किंमत तो भरतो, पुढच्या बेळगावच्या पोराला तो दार उघडत नाही. जायचं नक्की नसेल तर शब्द टाकायला सांगूच नये.

कंपनीचा वेळ, कंपनीचा कॉम्प्युटर, कंपनीचा मेल, प्रिंटर, ह्यातलं काही ह्या कामाला वापरू नकोस. सीव्हीत कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, रिजेक्शनचे आकडे घालू नकोस, "ऑटो कस्टमरसाठी व्हीएमसी पार्टचं इन्स्पेक्शन" एवढं बस्स. कामाचा नमुना म्हणून ड्रॉइंगचा फोटो पाठवणारी पोरं मी बघितलीत, आणि खरं सांगतो, तो सीव्ही मी तिथंच बाजूला ठेवायचो, कारण आज ह्यांचं ड्रॉइंग मला दाखवणारा उद्या माझं दुसऱ्याला दाखवणार.

शेवटचं आणि मला सगळ्यात जास्त जड जाणारं. पुष्कळ वर्षांपूर्वी एक पोरगा आमच्याकडं इंटरव्ह्यूला आला, पॅटर्न शॉपचा, हुशार. मी सवयीनं त्याच्या कंपनीतल्या माझ्यासारख्याच माणसाला फोन लावला, "तुमचा एक जण आलाय, कसा आहे?" आमच्यात ते सर्रास चालायचं. आमच्याकडं काही कारणानं ती जागा भरलीच नाही, आणि तिकडं त्याचा ओव्हरटाईम बंद झाला, रात्रपाळीला टाकलं, चार महिन्यांनी त्यानं कंटाळून सोडलं. त्याची काही चूक नव्हती, माझी होती. म्हणून इंटरव्ह्यूला बसलास की पहिल्याच दहा मिनिटांत नम्रपणे सांग, "सर, मी अजून नोकरीत आहे, माझ्या सध्याच्या कंपनीत चौकशी ऑफर नक्की झाल्यावरच करावी ही विनंती, तोवर माझ्या पूर्वीच्या सुपरवायझरचा नंबर देतो." आणि त्या पूर्वीच्या सुपरवायझरला आधी विचारून ठेव, त्याला फोन आल्यावर कळणं बरं नव्हे.

मी शहापूरमध्ये एका फर्मला अकाउंट्स बघते, टॅली, जीएसटी, टीडीएस सगळं. मैत्रिणीनं सांगितलं लिंक्डइनवर फोटोभोवती नोकरी बघतेय असं सांगणारी हिरवी पट्टी लाव, पटकन फोन येतात. आमचे सर पण लिंक्डइनवर आहेत. लावू का?
– एक वाचक, खासबाग

नका लावू ताई. ती हिरवी पट्टी सगळ्यांना दिसते, ती नोकरी गेलेल्यांसाठी उपयोगाची. त्याच सेटिंगमध्ये दुसरा पर्याय आहे, फक्त रिक्रूटर लोकांना दिसावं असा, तो घ्या. त्यात तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरना दिसू नये असा प्रयत्न लिंक्डइन करतं, खरं शंभर टक्के खात्री आम्ही देत नाही असं ते स्वतःच सांगतात, म्हणून ज्या दिवशी कुणी विचारलंच तर काय बोलायचं ते मनाशी ठरवून मगच चालू करा. प्रोफाइल सुधारायला बसाल तेव्हा आधी बदलांची बातमी नेटवर्कला जाते ते बटण बंद करा, नाहीतर केलेला बदल सरांच्या फीडमध्ये येऊ शकतो आणि न सांगता सांगितल्यासारखं होतं. त्याहून बरं म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी थोडं थोडं बदलत राहायचं, नोकरी बघायची नसेल तेव्हा पण. नोकरी डॉट कॉमवर सीव्ही असेल तर ठराविक कंपन्यांना तो दिसू नये अशी सोय आहे, तिथं आपल्या फर्मचं नाव घाला, आणि फर्मच्या भगिनी कंपन्या असतील तर त्यांचं पण.

तुमच्या कामात ओळखीचा एक हक्काचा रस्ता आहे तो म्हणजे ज्या सीए ऑफिसकडून फर्मचं ऑडिट होतं ते, त्यांना दहा ठिकाणची रिकामी जागा माहीत असते. खरं तिथं जाऊ नका. तुमचे सर त्यांचे क्लायंट, तुमच्यासाठी बोलायचं म्हटलं तर त्यांना क्लायंटचा माणूस पळवल्यासारखं होतं, न बोलावं तर तुमचा राग. दुसऱ्या सीएकडं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, केलेली एखादी जुनी मैत्रीण शोधा. आणि मार्च एंड किंवा रिटर्न भरायच्या तोंडावर सोडू नका, अकाउंट्सच्या माणसाला लोक वर्षानुवर्षं त्याच्यावरून ओळखतात.

आमची कंपनी हायड्रॉलिक्समध्ये आहे, मी सेल्सला. जानेवारीत बेंगळूरला इमटेक्सला, म्हणजे मशीन टूल्सच्या प्रदर्शनाला, कंपनीनं स्टॉल घेतलाय आणि मला तिथं उभं राहायचंय. इतके मोठे लोक एका जागी भेटणार, चार ठिकाणी कार्ड देऊन आपलं बोलून घेतलं तर चुकीचं आहे का?
– एक वाचक, निपाणी

कार्ड द्यायलाच तर तुम्हाला पाठवलंय. फरक आहे तो कार्ड देताना काय बोलता त्यात. तुमकूर रोडवरच्या त्या हॉलमध्ये तुम्ही उभे असता तेव्हा तिकीट, लॉजिंग, टी-शर्ट सगळं कंपनीचं, तेव्हा स्टॉलवर आलेल्या माणसाला "तुमच्याकडं सेल्सला जागा आहे का" हे विचारणं मला पटत नाही, एक तर ते कंपनीच्या पैशानं होतं, दुसरं म्हणजे स्टॉलवरच्या दोघा-तिघांतल्या कुणाच्या ना कुणाच्या कानावर पडतंच. कंपनीनं दिलेल्या लीडच्या डायरीतून नंबर स्वतःच्या मोबाईलवर उतरवून घेणं तर नकोच नको, तो कंपनीचा माल आहे.

करायचं ते असं करा. स्टॉलचे तास मन लावून काम करा, इतकं की शेजारच्या स्टॉलवाल्यानं बघत राहावं. सेल्समध्ये ह्याहून चांगला इंटरव्ह्यू नाही, समोरचा प्रॉडक्ट हातात घेतो तेव्हा तुम्ही त्याला काय सांगता, माहीत नसलेलं माहीत नाही म्हणता का, दुसऱ्या दिवशी कोटेशन पोचतं का, हे बघूनच लोक नंतर फोन करतात. दुपारच्या सुट्टीत हॉल फिरा, माणसं ओळखून ठेवा, त्यांच्या मशीनबद्दल बोला. परत आल्यावर, दोन-तीन आठवडे जाऊ देत, स्वतःच्या नंबरवरून, स्वतःच्या नावानं, ज्यांनी स्वतःहून तुम्हाला वैयक्तिक कार्ड दिलं त्यांना साधा मेसेज करा. आपल्या कस्टमरकडं मात्र कस्टमर असेपर्यंत नोकरीचा विषय काढू नका. डीलरकडं पण नाही. तिथनं बातमी त्याच संध्याकाळी मालकाच्या फोनवर असते, रेट कमी करून मागायला डीलरला ती कामाला येते.

मला कन्नड नीट येत नाही, समजतं खरं बोलताना अडखळतो. ज्या कंपनीत जायचंय तिथले एचआर हुबळीचे आहेत. फोन करायला भीती वाटते.
– एक वाचक, खानापूर

भिऊ नकोस. लिहिताना इंग्लिशमध्ये लिही, छोटी छोटी वाक्यं. फोनवर सुरुवात कन्नडात कर, "नमस्कार री सर", आणि लगेच "स्वल्प स्वल्प बरतद री" असं सांगून टाक, समोरचा बहुतेक वेळा हसून हिंदी-इंग्लिशवर येतो. येत नसताना प्रयत्न केलास हे त्याला पोचतं, आणि हुबळी-धारवाडच्या माणसाला "री" लावून बोललेलं फार आवडतं. सीव्हीत भाषांच्या रकान्यात कन्नड पुढं खरं तेच लिही, समजतं, बोलणं शिकतोय. शॉपफ्लोअरवर ऑपरेटर कन्नड, फोरमन मराठी, डिझाईनवाला हिंदी असं आपल्याकडं चालतंच, तीन भाषांत काम काढून घेता येणं ही आपल्या भागातल्या पोरांची कमाई आहे, ती लपवू नकोस. सीमेचा विषय मात्र नोकरीच्या बोलण्यात तू काढू नकोस आणि कुणी काढलाच तर कामाकडं वळव.

मला ऑफर आलीय. साहेबांनी परवा केबिनमध्ये बोलावून सरळ विचारलं, "दुसरीकडं बघतोयस का?" मी गप्प बसलो. कामाला लागताना तीन वर्षांचा बॉण्ड केलेला, तो कधीच संपला, आता चार वर्षं सात महिने झालेत. ते म्हणतात सोडून गेलास तर दोन वर्षं बेळगावात ह्याच लाईनमध्ये काम करता येणार नाही, तसं तू लिहून दिलंयस. डिप्लोमाचं ओरिजिनल पण त्यांच्याकडंच आहे.
– एक वाचक, कंग्राळी

सरळ विचारल्यावर गप्प बसलास, ठीक झालं, खरं आता गप्प राहू नकोस, दोन दिवसांत स्वतः जाऊन सांग. "साहेब, परवा विचारलंत तेव्हा उत्तर द्यायला जमलं नाही. बाहेर बोलणं चालू आहे, लेखी हातात आलं की पहिल्यांदा तुम्हाला सांगेन, आणि हातातलं काम पूर्ण करून, माणूस तयार करून जाईन." ऑफर लेटर, म्हणजे पगार, पद, जॉइनिंगची तारीख लिहिलेला कागद किंवा मेल हातात नसताना राजीनामा देऊ नकोस, नुसत्या फोनवरच्या "ये की" वर तर मुळीच नाही.

दोन वर्षं ह्या लाईनमध्ये काम करायचं नाही, ही अट घालून घाबरवतात खरं, पण १८७२ च्या इंडियन काँट्रॅक्ट ॲक्टचं २७ वं कलम असं आहे की कुणाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, आणि नोकरी सोडल्यानंतरच्या अशा अटी आपल्याकडची कोर्टं साधारणपणे धरत नाहीत. ह्यावरून बॉण्ड म्हणजे नुसता कागद असं मात्र समजू नकोस. नोकरीत असतानाची किमान मुदत आणि ती मोडली तर भरपाई, हे वेगळं, २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध धरली. तुझी तीन वर्षं झालीत, तेव्हा ते तुला लागत नाही. गुपितं, म्हणजे ड्रॉइंग, रेट, कस्टमरची यादी, ती मात्र सोडल्यावर पण गुपितंच राहतात.

सर्टिफिकेट लेखी मागून घे, मेल किंवा अर्ज देऊन पोच घे, भांडू नकोस, "घरच्या कामाला लागतंय" असली कारणं पण नकोत, "माझं ओरिजिनल परत मिळावं" एवढंच. दिलं नाही तर लेबर ऑफिस किंवा वकील, खरं मी बघितलेल्या बहुतेक प्रकरणांत लेखी अर्ज गेला की कागद मिळतात.

आणि एक हिशोब कर जो तुझ्या ध्यानात आलेला दिसत नाही. पर्मनंट माणसाला ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षं झाल्यावर, शेवटचा पगार, म्हणजे मुख्यतः बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुझा बेसिक-डीए समज १८ हजार असेल तर पाच वर्षांचे जवळजवळ ५२ हजार होतात. पाच महिने राहिलेत. नव्या कंपनीला विचार जॉइनिंग पुढं सरकतंय का, नोटीस पीरियड धरून अंतर किती उरतं बघ, त्यांना खरंच तू हवा असशील तर महिना-दीड महिना थांबतील, पाच महिने थांबणार नाहीत, मग पगारातला फरक किती ते वजा करून ठरव. पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा खाते नंबर, तोच राहतो, नवा काढायला लावू नकोस, जुना नंबर दे. रिलीव्हिंग लेटर घेतल्याशिवाय दुसरीकडं जॉइन होऊ नकोस, दोन्हीकडच्या तारखा एकमेकांवर चढल्या की पीएफच्या रेकॉर्डला ते दिसतं आणि पुढं दर नोकरीला खुलासा देत बसावं लागतं.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, शिरोली एमआयडीसीत सुपरवायझर आहे, बावीस वर्षं झाली. गावाकडचा प्रत्येक पोरगा मला सीव्ही पाठवतो, कित्येकांना मी ओळखत पण नाही, त्यांचे वडील फोन करतात, "आमच्या पोराचं बघा, तुमच्या हातात आहे." माझ्या हातात काही नाही. नाही म्हटलं तर गावात तोंड दाखवायची पंचाईत, आणि दोनदा शब्द टाकला तर एक जण महिन्यात पळून आला. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

दादा, तुमचं पत्र मुद्दाम शेवटी घेतलंय, वरच्या पाचही पोरांनी ते वाचावं म्हणून. फोन करणाऱ्याला आपलं एकट्याचं काम दिसतं, तुम्हाला दिवसाला तीन येतात हे त्याला माहीत नसतं.

ज्याला कामात बघितलं नाही त्याच्यासाठी शब्द टाकू नका, वडील कितीही जवळचे असोत. त्याऐवजी माहिती द्या, ती द्यायला तुमचं काही जात नाही, कुठल्या शिफ्टला माणूस लागतो, आयटीआयवाल्याला ट्रेनी म्हणून काय मिळतं, राहायची सोय कुठं होते, सीव्ही कुठल्या मेलवर टाकायचा. नाही म्हणायचं असेल तर दोन दिवसांत म्हणा. "बघतो" म्हणून सहा महिने लटकत ठेवलेल्या पोरानं मधल्या काळात दुसरीकडची वाट सोडलेली असते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. वडिलांशी नको, पोराशी बोला, वडिलांना सांगा की त्याचा त्याला फोन करू दे. फोन स्वतः करणारा पोरगा आणि न करणारा पोरगा इथंच वेगळे होतात.

जो सध्या कुठं नोकरीत आहे त्याला पहिल्यांदा विचारा, तुझ्या कंपनीला माहीत आहे का. नसेल तर त्याचा सीव्ही एचआरकडं देताना तसं तोंडी सांगा आणि कागदावर पण लिहा, कारण तुमच्याकडून गेलेला कागद पुढं कुणाकुणाच्या टेबलावर जातो ते तुम्हाला पण कळत नाही. जो महिन्यात पळून आला त्याच्याबद्दल एचआरला एकदा जाऊन सरळ सांगा की माझा अंदाज चुकला, मी त्याच्या कामाची खात्री करून घेतली नव्हती. तेवढ्यानं तुमचा पुढचा शब्द पुन्हा उभा राहतो.

मेसेजला उत्तर म्हणून हे ठेवून घ्या, लागेल तसं बदला: "तुझा सीव्ही मिळाला. मी तुला कामात बघितलं नाही म्हणून माझ्या नावानं पुढं देऊ शकत नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्याकडं अमुक मेलवर पाठव. इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं तर आदल्या दिवशी फोन कर, काय विचारतात ते सांगतो."

आणि जत्रेला, गणपतीला गावी जाल तेव्हा कुणाचं जमलं, कुणाचं नाही हे कट्ट्यावर बोलू नका. त्यातला एखादा अजून बेळगावात कामावर असतो, आणि घरी त्यानं सांगितलेलं असेलच असं नाही.